एका जुन्या व्हॅनची खर्चवही

२००७ सालच्या दसऱ्याला मी १९९९ची एक मारुती ओम्नी पासष्ट हजार रुपयांस विकत घेतली आणि २०२४च्या अखेरीस ती मोडीत दिली. या सतरा वर्षांत तिच्या दुरुस्तीपायी जो पैसा गेला त्याची तारीखवार नोंद मी एका लाल बांधणीच्या वहीत ठेविली होती. ती वही परवा पुन्हा चाळताना ध्यानात आले की, ज्या खर्चाचे भय मला आरंभी वाटत होते तो प्रत्यक्षात बेताचाच निघाला, आणि ज्याचा विचारही मी खरेदीच्या वेळी केला नव्हता तोच अखेर भारी पडला.

या जातीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ साली तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. या पस्तीस वर्षांत आमच्या कोल्हापूरच्या कोणत्या कामी ती आली नाही? शाळेची मुले तिने पोहोचविली, जोतिबाचे आणि नरसोबाच्या वाडीचे यात्रेकरू वाहिले, आणि रात्री-अपरात्री अत्यवस्थ माणसाला मिरजेच्या दवाखान्यात नेण्याची वेळ आली म्हणजे गल्लीतल्या ज्या दारावर थाप पडे, त्या दारासमोर बहुधा हीच उभी असे. तिची रचना साधी होती: पुढच्या आसनांखाली तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन, चार गिअर, मागच्या चाकांना गती देणारा लांब शाफ्ट, मागे पाटे आणि बाजूला सरकते दार. आसन उचलले की इंजिन समोर दिसे, आणि म्हणूनच तिची दुरुस्ती कोणत्याही वडाखाली होऊ शके.

खरेदी करताना मी इंजिनच तेवढे ऐकले. चालू करून पाहिले, धूर मारते का ते पाहिले, ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि समाधान पावलो. पुढे इंजिनाने खर्च मागितला नाही असे नाही. पहिल्याच पावसाळ्यात कार्बुरेटरमध्ये कचरा अडकून गाडी धक्के खाऊ लागली, तेव्हा ९५० रुपयांत तो खोलून, धुऊन, नवे किट घालून मिळाला. क्लचप्लेटला मजुरीसह २,८५० लागले. सेल्फ आणि अल्टरनेटर, ब्रेकचे सिलिंडर, शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे बुश यांनी आपापला वाटा अधूनमधून वसूल केला. २०१५ साली मात्र ती ऑइल खाऊ लागली, आणि बोअर करून नवे पिस्टन-रिंग घालण्यास १६,५०० रुपये पडले. इंजिनाच्या कामातील हीच सर्वांत मोठी रक्कम होय, आणि ती एवढ्यावरच राहिली याचे श्रेय मी निःसंकोचपणे कोल्हापूरच्या उद्यमनगरास, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीस, देतो. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचे नाव आजही आदराने घेणाऱ्या या गावात ओतकाम, लेथ आणि बोअरिंग यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत आले आहे. अन्यत्र जो भाग बदला म्हणतात, तो येथे घासून, भरून, पुन्हा मापात आणून देणारा माणूस दोन गल्ल्यांच्या अंतरावर सापडतो.

त्या हातांचे मोल मला २०१२ साली अधिक जवळून कळले. आंबा घाट चढत असता पाण्याच्या एका नळीला बारीक छिद्र पडले होते, आणि तापमानाचा काटा वर गेलेला दिसत असूनही, घाटमाथा जवळच आहे या भरवशावर मी गाडी तशीच रेटली. दोष गाडीचा नव्हता, सर्वस्वी माझा होता. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या माझ्या नेहमीच्या मेस्त्रींनी ऑइलचे झाकण उघडून आतली पांढुरकी, ताकासारखी साय बोटावर घेऊन माझ्यापुढे धरली. हेड गॅस्केट उडून पाणी ऑइलमध्ये मिसळले होते. मग हेड उतरवून त्यांनी त्यावर एक पोलादी पट्टी उभी धरली आणि मला वाकून तिच्याखालून पाहावयास सांगितले. मधोमध उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकले होते ते तेवढेच, पण तेवढ्या फटीने इंजिन निकामी केले होते. हेडचा फेस मारून, म्हणजे तो घासून सपाट करून, गॅस्केट घालून ४,२०० रुपयांत काम झाले. काटा चढताच मी थांबलो असतो, तर नळीच्या किमतीवर निभावले असते.

त्याच दिवशी हात पुसत मेस्त्री म्हणाले, “सर, इंजिनाचं काय नाय, खालचा पत्रा बघितलासा का?” मी पाहिला नव्हता. त्यांनी चालकाच्या पायाखालची रबरी चटई उचलली आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पत्र्यावर नुसते टेकवले. ते आरपार जाऊन खालच्या फरशीवर टक्कन वाजले. चटईखाली पावसाचे पाणी महिनोन्‌महिने कोंडून राहते, सरकत्या दाराच्या खालच्या रुळात चिखल साचतो, निचऱ्याची भोके त्याने बुजतात, आणि दुहेरी पत्र्याच्या पोटात ओल बसली म्हणजे गंज आतून बाहेर येतो. रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत आतले सारे खाऊन झालेले असते. गगनबावड्याच्या पावसात जिची ये-जा, तिची ही गती ठरलेलीच. त्या वर्षी ६,८०० रुपयांचे ठिगळ लावले, आणि चारच वर्षांनी, ठिगळाच्या कडेने पत्रा पुन्हा सडल्यामुळे, १९,५०० रुपये देऊन जवळजवळ सारा तळ नवा करावा लागला.

त्यानंतर २०१९चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि शाहूपुरीच्या सखल भागात उभी असलेली माझी गाडी आसनांपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवू नका, ही मेस्त्रींची ताकीद मी अक्षरशः पाळली; प्लग काढून, ऑइल सांडून, इंजिन हाताने फिरवून कोरडे केले, आणि ते पाचव्या दिवशी बिनतक्रार चालू झाले. पण तारा आतून हिरव्या पडल्या होत्या, आसनांचा कुबट वास जात नव्हता, तळाचा नवा पत्रा वर्षभरात फुगला. त्या एका पुराचे एकूण ३१,००० झाले, आणि गाडी पूर्ववत झाली नाही ती नाहीच.

पुढची वर्षे उताराची होती. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले, तसतशी ज्यांची घडण त्यासाठी झालीच नव्हती त्या जुन्या रबरी नळ्यांची आणि कार्बुरेटरमधील पडद्यांची चिंता लागून राहिली. नोंदणीच्या नूतनीकरणाचे जे शुल्क २०१९ साली सहाशे रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. पर्यावरण कर निराळा. २०२४च्या ऑक्टोबरात मुदत संपली तेव्हा तळ तिसऱ्यांदा करावा लागणार होता, आणि मी तो केला नाही. शेवटच्या दिवशीही ती अर्ध्या सेल्फला चालू झाली, हे मात्र येथे नमूद केलेच पाहिजे.

टायर, बॅटरी, विमा आणि नेहमीचे ऑइल वगळून वहीतील बेरीज ९४,७०० रुपये भरते. त्यांपैकी इंजिन, क्लच, ब्रेक, पाटे, शाफ्ट या साऱ्या यंत्राचे मिळून ३७,४००. पत्रा, पाणी आणि पुराचे ५७,३००. या गाड्यांचे उत्पादन थांबले असले तरी वापरलेल्या ओम्नी आजही हातोहात फिरत आहेत, आणि कोल्हापूरची एमएच-०९ची पाटी लावलेली एखादी कोणी घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने इंजिन ऐकण्यापूर्वी चटया उचलाव्यात, गाडी रॅम्पवर चढवून दारांखालच्या पट्ट्या बोटाने ठोकून पाहाव्यात, आणि २०१९ व २०२१च्या पुरांत ती कोठे उभी होती, हे मालकास स्पष्ट शब्दांत विचारावे.