टाक्याविना बुजणारे भोक

एक डोळा झाकून दाराकडे पाहावे तर सरळ चौकट मध्येच वाकलेली. समोरच्या माणसाचे कान-केस स्वच्छ, पण नाकाच्या जागी धुरकट डाग. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर, मॅक्युलाला, भोक पडले की असे दिसते. रुग्ण बहुधा साठीपुढचे, त्यातही बायका जास्त. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे आणि दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून ध्यानात यायलाच महिने जातात.

याला इलाज नाही, असेच पूर्वी सांगत. डोळ्यात भरलेला जेलीसारखा विट्रियस वयपरत्वे आकसतो आणि मध्याला चिकटून पडदा ओढतो, हे नेत्रतज्ज्ञ डोनाल्ड गास यांनी १९८८ मध्ये मांडले. ती ओढच काढून टाकली तर? कॅलिफोर्नियातल्या केली आणि वेंडेल या डॉक्टरांनी ते करून पाहिले. १९९१ मध्ये त्यांनी ५२ डोळ्यांचा हिशेब छापला: ३० भोके बुजली होती. आज दहांतली नऊ बुजतात.

यात शिवणे नाहीच. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रे पाडतात: एकातून उजेड, एकातून पाणी, एकातून कातर. विट्रियस निघाला की खरी कसोटी. पडद्यावरचा सर्वांत आतला पापुद्रा दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्शाहून पातळ, शिवाय पारदर्शक. निळा रंग सोडला की तो दिसतो. मग चिमट्याने टोक धरून भोकाभोवती गोल सोलत जायचे. कांद्याचा पापुद्रा आठवतो खरा, पण कांदा श्वासागणिक हलत नाही. इथे रुग्ण बहुधा जागा असतो.

भोक ४०० मायक्रॉनहून मोठे असेल तर पोलंडमधल्या मिखालेव्स्का आणि नावरोत्स्की यांची २०१० मधली युक्ती कामी येते. सोललेला पापुद्रा टाकून न देता कडेला जोडलेला ठेवायचा आणि उलटून भोकावर पांघरायचा. ठिगळ घरचेच! या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच.

शेवटी डोळ्यात गॅस भरतात. बुडबुडा वर चढतो आणि भोक असते डोळ्याच्या मागच्या भिंतीवर; तो तिथे टेकावा म्हणून रुग्णाने मान खाली घालून राहायचे, रात्री पालथे झोपायचे. किती दिवस, यावर डॉक्टरांत एकमत नाही. लहान भोकाला थोडक्यात भागते. गॅस विरू लागला की नजरेत पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ दिसते आणि रोज खाली सरकते. नजर मात्र महिनोन्‌महिने सावकाश सुधारते, आणि पुढे बहुतेकांना मोतीबिंदूही काढावा लागतो.

वापरतात त्या गॅसांपैकी एक सुमारे दोन आठवडे टिकतो, दुसरा सहा ते आठ. तो पुरता विरेपर्यंत विमानात बसू नये, डॉक्टरांना विचारल्याविना उंच घाट चढू नये आणि दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आलीच तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावे: डोळ्यात गॅस आहे.