पिल्लाला आकडी येते तेव्हा

रस्त्यावरचे कुत्र्याचे पिल्लू पोरं उचलून घरी आणतात. त्याच्या गळ्यात दोरी बांधतात, त्याचे नाव ठेवतात. चार दिवस बरे जातात. मग एखाद्या सकाळी ते पिल्लू खेळता खेळता एकदम आडवे पडते. पाय ताठ होतात. मग चारी पाय पळत असल्यासारखे हलू लागतात. जबडा कटकट वाजतो. तोंडाला फेस येतो, लघवी होते. मिनिट-दोन मिनिटांत सारे थांबते. पिल्लू उठते, भिंतीला धडकते, घरच्या माणसांनाही ओळखत नाही. याला आपण आकडी म्हणतो. कोणी फेफरे म्हणतात, कोणी झटके म्हणतात.

अशा वेळी गावात दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, "पिसाळलं हे! घाला काठी." दुसरा म्हणतो, "काही नाही, जंत झालेत." आणि पिल्लू मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात बोट घालतो. आमच्या मते दोघेही घाई करतात. पहिल्याच्या घाईत पिल्लाचा जीव जातो. दुसऱ्याच्या घाईत माणसाचा जाऊ शकतो.

आकडी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. ताप ही जशी आतल्या बिघाडाची खूण असते, तशीच आकडी ही एक खूण आहे. मेंदू साऱ्या अंगाला हुकूम पाठवत असतो. मेंदूला साखर कमी पडली, विष चढले, रोगाने सूज आली किंवा डोक्याला मार बसला, की ते हुकूम एकदम आणि वेडेवाकडे सुटतात. म्हणून अंग झटके देते. खूण एकच, पण कारणे पुष्कळ.

आकडी चालू असताना पिल्लाला धरू नका. चूल, पायरी, विहीर जवळ असेल तर पोत्याने ओढून बाजूला घ्या. पोरांना लांब ठेवा. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका. पिल्लू जीभ गिळत नाही, पण तुमचे बोट मात्र फोडील. कांदा, चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. ती आपली आपणच थांबते, आणि लोक श्रेय चपलेला देतात! तापल्या सळईने डाग देणे तर शुद्ध क्रूरपणा आहे. घड्याळ मात्र बघा. पाच मिनिटे झाली तरी झटके थांबले नाहीत, किंवा एकामागून एक आकडी येऊ लागली, तर पिल्लाचा जीव धोक्यात आहे असे समजा.

आता कारणे पाहू. अगदी लहान पिल्लात आधी संशय घ्यावा तो उपासाचा. पोरं पंधरा-वीस दिवसांचे पिल्लू आईपासून तोडून आणतात. त्याच्या अंगात साठा तो किती असणार? रात्रभर पोट रिकामे राहिले, वर थंडी लागली, की रक्तातली साखर उतरते. पिल्लू लुळे पडते, थरथरते आणि मग आकडी येते. अशा पिल्लाला आधी ऊब द्या. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. ते शुद्धीवर आले की कोमट पाण्यात गूळ कालवून बशीत द्या आणि स्वतःच चाटू द्या. मग थोडे थोडे खाणे, दिवसातून चार वेळा. पण खरा उपाय आधीचा आहे. दोन महिने होईपर्यंत पिल्लू आईपाशीच राहू द्यावे.

जंतांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याला जंत लागतात, पुढे दुधातूनही जातात. पोट नगाऱ्यासारखे फुगते आणि बरगड्या मोजता येतात. खाल्लेले जंतच खातात, म्हणून पिल्लाला साखर कमी पडते. पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जंताचे औषध सुरू करावे. हे जंत माणसाच्या पोरांनाही बाधतात. तेव्हा पिल्लाशी खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

दुसरे मोठे कारण विष. शेतकऱ्याच्या घरात विषाला तोटा नाही. कपाशीवर फवारायचे औषध ज्या बादलीत कालवले, त्याच बादलीतले पाणी पिल्लू पिते. मग लाळेची धार लागते, उलटी-हगवण होते, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते आणि आकडी येते. बैलाच्या अंगावरची गोचीड मारायचे औषध कोणी पिल्लालाही चोळतात. बैलाचे वजन किती, पिल्लाचे किती, याचा विचार नको का? उंदीर मारायची काळी पूडही तशीच घातकी. ती खाल्लेल्या पिल्लाने उलटी केली तर तिच्यातून विषारी वायू निघतो. म्हणून त्याला बंद खोलीत ठेवू नका. मिठाचे पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. जास्त मिठानेही आकडी येते.

तिसरे कारण डिस्टेंपर नावाचा रोग. आधी ताप येतो, नाका-डोळ्यांतून घाण येते, खोकला लागतो, हगवण होते. पिल्लू जरा सुधारल्यासारखे वाटते आणि काही आठवड्यांनी झटके सुरू होतात. कधी एखादा पाय किंवा जबडा झोपेतही उडत राहतो. हा रोग माणसाला होत नाही. पण कुत्र्याला एकदा झाला की त्याचा विषाणू मारणारे औषध नाही. लस मात्र आहे. ती दीड-दोन महिन्यांच्या वयापासून द्यावी लागते आणि पुढे पुन्हा द्यावी लागते.

डोक्याला मार, उन्हाचा तडाखा, जन्मापासूनचा दोष, ही कारणेही असतात. काही कुत्र्यांना माणसासारखेच कायमचे फेफरे असते. पण ते बहुधा सहा महिन्यांच्या पुढे दिसू लागते.

आता पिसाळण्याविषयी. "एवढंसं पिल्लू कसं पिसाळेल?" असे पुष्कळजण म्हणतात. पिसाळते! पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला कुठे तरी चावा घेतला असेल तर दोन-तीन महिन्यांचे पिल्लूही पिसाळते. ते दर वेळी अंगावर धावून येते असेही नाही. कधी कोपऱ्यात बसून राहते. आवाज बदलतो, लाळ गळते, गिळता येत नाही, चाल लटपटते, मग झटके येतात. ते दिवसेंदिवस खालावत जाते आणि थोड्याच दिवसांत मरते. एकदा आकडी आली आणि नंतर पिल्लू आठवडाभर खाते-पिते, खेळते, तर बहुधा कारण दुसरे असते. पण पहिल्या दिवशी हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून अशा पिल्लाला दहा दिवस वेगळे, बंदोबस्तात ठेवावे. खाणेपिणे लांबून द्यावे.

या पिल्लाने कोणाला चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले असेल, तर दहा दिवसांची वाट बघत बसू नये. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. मिरचीपूड, चुना, हळद भरू नये. लागलीच सरकारी दवाखाना गाठावा. रोग एकदा माणसात दिसू लागला की माणूस वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर रोग होत नाही. 1885 साली फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस टोचली, आणि तो वाचला. पूर्वी आपल्याकडे पोटात चौदा सुया टोचत. त्या धास्तीने माणसे दवाखान्यात जात नसत. ती जुनी लस 2004 सालच्या अखेरीस आपल्या देशात बंद झाली. आता थोड्याच सुया असतात, आणि त्या दंडात देतात. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेतही एक औषध टोचतात. सांगितलेली एकही तारीख चुकवू नये.

आम्ही शाळेत होतो तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसायची. पोराला कुत्रे चावले तर ते घरी सांगत नाही. बापाचा मार बसेल याची त्याला भीती असते. जिथे पिल्लू आहे त्या घरात पोरांना आजच सांगून ठेवा, "चावलं तर सांग, कोणी रागवणार नाही." आणि मग खरोखरच रागावू नका.

घरच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचा.

आकडी येऊन गेलेले पिल्लू जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे तर टोपलीत किंवा खोक्यात घालून न्यावे. हातात धरू नये. डॉक्टर विचारतील ते कागदावर लिहून न्या. आता लिहिता येतेच आहे! पिल्लाचे वय किती, आकडी किती वाजता आली, किती मिनिटे टिकली, आदल्या दिवशी काय खाल्ले, अंगाला काय चोळले, कोणत्या लसी झाल्या, कोणाला चावले का. विषाचा संशय असेल तर औषधाची पुडी किंवा डबा बरोबर घ्या. त्यावरचे नाव वाचले की डॉक्टरांना उपाय लवकर ठरवता येतो.