खोपोलीचे जलविद्युत्-केंद्र

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांनी उभारलेले खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळा परिसरातील पावसाचे पाणी वळवण, शिरवटा व लोणावळा या तलावांत साठवून नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली आणले जाते. पायथ्याशी त्याचा झोत पेल्टन चक्राच्या वाटीसारख्या पात्यांवर आदळतो. चक्र फिरते व त्यास जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. पाण्याची स्थितिज ऊर्जा अशा रीतीने प्रथम गतिज ऊर्जेत व पुढे विजेत परिणत होते.

परंतु या शक्तीचे मोल शेतकऱ्यांनीही दिले आहे. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीस धरण बांधले जाऊ लागताच १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. तरीही धरण झाले व जमिनी पाण्याखाली गेल्या. यंत्रगृह पाहणाऱ्याने हा हिशेबही ध्यानी घ्यावा.