गर्दी वाढली, तरी होम-स्टेवाले खोल्या का वाढवत नाहीत? ४० वर्षांचं संशोधन काय सांगतं?

सुट्ट्यांमध्ये कोकणातली अनेक होम-स्टे ‘फुल्ल’ असतात. फोनवर पाहुण्यांना नाही म्हणावं लागतं. तरीही बरेच मालक तीन-चार खोल्यांवरच थांबतात. ही व्यावसायिक दृष्टीची कमतरता आहे का? ग्रामीण पर्यटनातल्या छोट्या व्यवसायांचे अभ्यासक हाच प्रश्न अनेक वर्षं तपासत आहेत.

सुरुवात कुठे झाली?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल या किनारी भागात गॅरेथ शॉ आणि अ‍ॅलन विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात अभ्यास केला. छोटी हॉटेलं चालवणारे अनेकजण बाहेरून तिथे राहायला आलेले होते. भांडवल स्वतःच्या बचतीतलं होतं आणि या धंद्याचा अनुभव कमी. व्यवसाय मोठा करण्याची घाईही अनेकांना नव्हती.

मग नफा नको असतो का?

हवा असतो, पण तो एकमेव हेतू नसतो. डोनाल्ड गेट्झ आणि जॅक कार्लसन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कौटुंबिक पर्यटन व्यवसायांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध केली. मनासारखं जगणं आणि कुटुंब ही तिथल्या मालकांची मुख्य उद्दिष्टं होती. त्याच वर्षी इरेना अटेल्येविच आणि स्टीफन डोर्न यांनी न्यूझीलंडमधल्या व्यावसायिकांबद्दल लिहिलं. त्यांच्यातले काहीजण ठरवून लहान राहिले होते. मात्र, पर्यटकांना नवे अनुभव देण्यात हेच लोक पुढे होते. म्हणजे ‘लहान’ याचा अर्थ ‘मागासलेला’ असा होत नाही.

हे महाराष्ट्राला लागू होतं का?

जसंच्या तसं नाही. कॉर्नवॉलमधले अनेक मालक बाहेरून आलेले होते. आपल्याकडे शेतकरी किंवा बागायतदार स्वतःच्या घरात, स्वतःच्या जमिनीवर हा जोडधंदा करतो. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, तेही शेतकऱ्याला पूरक उत्पन्न मिळावं म्हणून.

पण खोल्या न वाढवण्याची कारणं इथेही समजण्यासारखी आहेत. पाहुणे येतात ते मुख्यतः शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. तीन खोल्यांचा स्वयंपाक घरातली बाई करते. सहा खोल्या झाल्या की आचारी आणि मदतनीस ठेवावे लागतात, आणि पावसाळ्यात त्यांच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. घरच्या बाईच्या कष्टाची मजुरी मात्र बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत लिहिलीच जात नाही. ती धरली, तर दिसणारा नफा बराच कमी होतो.

याचा फायदा काय?

किती खोल्या वाढल्या, किती नोकऱ्या निर्माण झाल्या, एवढंच मोजलं तर असे व्यवसाय अपयशी दिसतात. प्रत्यक्षात त्याच उत्पन्नातून मुलांची फी भरली जाते, बागेतला आंबा दलालाशिवाय थेट पाहुण्यांना विकला जातो.

त्यामुळे अशा मालकाला मोठ्या कर्जापेक्षा वेगळी मदत जास्त उपयोगाची ठरू शकते. हंगामानुसार हप्ते, जवळच्या घरांनी मिळून केलेलं बुकिंग, खर्च-नफ्याचा साधा हिशेब शिकवणारं प्रशिक्षण. आणि त्या हिशेबात घरच्या बाईच्या मजुरीचाही रकाना हवा.