इंटरफेरॉनची हांक आणि कानांतला बोळा

शिरूर आणि दौंड ह्या पुणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तरीहि उन्हाळ्यांत दोहों तीरांवर रांजण, पिंपें आणि हौद भरून ठेवल्यावांचून गृहिणीस चैन पडत नाहीं. अशा सांठविलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला एडिस जातीच्या डांसाची मादी अंडीं घालते, आणि डेंग्यू व चिकुनगुन्या ह्या ज्वरांचे विषाणु घरोघर पोहोंचविते. झिका नांवाचा विषाणुहि तिच्याच दंशानें येतो. महाराष्ट्रांतील त्याचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैंत दौंडच्या शेजारीं, पुरंदर तालुक्यांतील बेलसर ह्या गांवीं आढळला. २०२४ सालीं पुणें शहरांत जे रुग्ण सांपडले, त्यांत गर्भवती स्त्रियाहि होत्या.

झिका येऊन गेल्याचें पुष्कळांस कळतहि नाहीं. परंतु गर्भवतीस तो झाला तर पोटांतील अर्भकाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचें भय असतें. ब्राझीलमध्यें २०१५ सालापासून लहान मस्तकाचीं अनेक बालकें जन्मास आलीं, तेव्हां जगास ह्या रोगाची दहशत बसली.

आतां असा प्रश्न उभा राहतो कीं, विषाणूस ओळखून मारणारीं प्रतिपिंडें शरीरांत तयार होण्यास कांहीं दिवस लागतात. तोंपर्यंत त्यास थोपवितो कोण? ह्याचें उत्तर लंडन येथें ॲलिक आयझॅक्स व झां लिंडेनमान ह्या दोघांनीं १९५७ सालीं शोधलें. उष्णतेनें निर्जीव केलेले इन्फ्लुएंझाचे विषाणु त्यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील पडद्यावर सोडले. त्या पडद्याभोंवतालचा द्रव नव्या पडद्यास लावला असतां जिवंत विषाणु तेथें वाढेना. द्रवांतील ह्या पदार्थास त्यांनीं इंटरफेरॉन हें नांव दिलें.

गांवांत दरोडा पडला कीं ज्याच्या घरीं चोर शिरले तो हांक मारतो, आणि शेजारी कड्याकोयंडे लावून सावध होतात. इंटरफेरॉन ही तशीच हांक होय. ती ऐकावयास शेजारच्या पेशींच्या आवरणावर जणूं कान असतात. प्रत्येक कान दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो. हांक कानीं पडतांच पेशींतील स्टॅट-१ व स्टॅट-२ हे निरोपे तिच्या केंद्रांत धांवतात, आणि विषाणूस अडविणारीं शेंकडों जनुकें जागीं होतात.

हांकेचें मोल अजमावयाचें तर ऐकणाऱ्याच्या कानांत बोळा घालून पाहावें, हा सरळ उपाय. असा बोळा अमेरिकेंतील सेंट लुई येथील संशोधकांनीं २००६ सालीं सिद्ध केला. तो म्हणजे उंदराच्या पेशीवरील ह्या कानाच्या पहिल्या प्रथिनास नेमकें चिकटणारें प्रतिपिंड. त्यांतली युक्ति मोठी मार्मिक आहे. कोणताहि प्राणी स्वतःच्या अंगच्या पदार्थाविरुद्ध सहसा प्रतिपिंडें करीत नाहीं. म्हणून ज्यांच्या अंगीं तो कान जन्मतःच नाहीं अशा उंदरांकडून तें करवून घेण्यांत आलें. पुढें एका पेशीच्या वंशांतून हवें तितकें एकाच घडणीचें प्रतिपिंड काढण्याची रीत वापरली; ती कोलर व मिलस्टीन ह्यांनीं १९७५ सालींच घालून दिली होती. प्रयोगांत कांहीं उंदरांस त्याच जातीचें पण कानास न चिकटणारें प्रतिपिंड टोंचावें लागतें. नाहींतर परिणाम बोळ्याचा कीं नुसत्या टोंचण्याचा, हें कळावयाचें नाहीं.

ह्या प्रतिपिंडाची गरज झिकाच्या अभ्यासांत विशेष भासली. झिका माणसाच्या पेशींत शिरला कीं स्टॅट-२ ह्या निरोप्याचा नाश करवितो. उंदराच्या स्टॅट-२ वर मात्र त्याची मात्रा चालत नाहीं. त्यामुळें मोठ्या वयाचा साधा उंदीर झिकानें आजारी पडत नाहीं, आणि मग अभ्यास कशाचा करावा? जें काम माणसाच्या अंगांत विषाणु स्वतः करतो, तें उंदरांत ह्या प्रतिपिंडाकडून करवून घ्यावें लागतें. २०१६ सालीं गाभण उंदरिणींस तें टोंचून झिकाची लागण केली, तेव्हां विषाणु वारेंत आणि गर्भांच्या मस्तकांतहि पोहोंचला व गर्भांची वाढ कांहींशी खुंटली.

तर मग गर्भवतीस इंटरफेरॉनच औषध म्हणून कां देऊं नये, असें कोणासहि वाटेल. तेथेंच मेख आहे. २०१८ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं, जन्मतःच बहिऱ्या उंदरिणींच्या उदरांत कांहीं गर्भ ऐकूं येणारे व कांहीं बहिरे, अशी योजना केली आणि त्या मातांस झिकाची लागण केली. बहिरे गर्भ विषाणु अंगीं असूनहि वांचले. ऐकूं येणारे गर्भ दगावले. कारण इंटरफेरॉनच्या हांकेनें त्यांच्या वारेचीच घडण बिघडली होती.