खातोस ते जातं कुठे?

दादर स्टेशनच्या फलाटावर पूर्वी वजनाचं एक यंत्र असे. काचेआड रंगीत दिवे लुकलुकत, एक चक्र गरगर फिरे आणि नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट हातात पडे. त्यावर वजन छापलेलं असे, आणि सोबत भविष्यही. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजला जाता-येता मी त्या यंत्रात किती नाणी घातली असतील, याचा हिशेब नाही. भविष्य दर वेळी नवं निघे. कधी धनलाभ, कधी परदेशगमन. वजन मात्र तेच. ४८ किलो. उंची पाच फूट आठ इंच.

काडीपैलवान, लुकड्या, पाप्याचं पितर अशी सगळी विशेषणं मला लागली. 'पंखा जरा हळू करा, हा उडून जाईल' हा विनोद तर प्रत्येकाला आपल्यालाच सुचला असं वाटे. जाड माणसाला तोंडावर जाड म्हणताना लोक निदान एकदा आजूबाजूला बघतात. बारीक माणसाला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

माझ्यापेक्षा जास्त लागे ते आईला. लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारी, "घरी खायला घालत नाही का हो याला?" आई हसून वेळ मारून नेई आणि रात्री माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढी. शतावरी कल्प, च्यवनप्राश, दुधात भिजवलेला खजूर, डिंकाचे लाडू, सगळे प्रयोग झाले. मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढून झाली. "खातोस ते जातं तरी कुठे?" हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आमच्या डॉक्टरांकडेही नव्हतं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पोटही सुटलं आणि हे सगळं मी विसरलो. किती विसरलो, ते तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत कळलं. ताईचा मुलगा पुण्याहून आला होता. वय एकवीस, वजन ५१ किलो. दारातच मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "काय रे काडीपैलवान!" सगळे हसले. तोही हसला. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं होतं, पण तेव्हा ते मला ओळखू आलं नाही.

गोळ्यांचं गुटगुटीतपण

दिवाळीत तो पुन्हा आला तेव्हा ओळखू येईना. गाल भरलेले, अंगावर बाळसं चढल्यासारखं. दीड महिन्यात पाच किलो! सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. "काय जादू केलीस?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जिम, मामा." पण तो दिवसभर पेंगत होता, पोटात जळजळतं म्हणून सारखं पाणी पीत होता आणि रात्री त्याला झोप नव्हती. ताईने त्याला डॉक्टरांकडे नेलं. काय काय घेतोस ते सगळं टेबलावर ठेव, असं त्यांनी सांगितल्यावर खिशातून दोन प्रकारच्या गोळ्या निघाल्या. जिममधल्या एका ओळखीच्याने आणून दिलेल्या.

एक सायप्रोहेप्टाडीनची. हे मुळात ॲलर्जीवरचं औषध. त्याने झोप येते आणि भूकही वाढते. दुसरी डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइड. दमा, तीव्र सूज अशा कित्येक आजारांत डॉक्टरांच्या हातात हे औषध प्राण वाचवतं. पण वजनासाठी घेतलं तर ते शरीरात पाणी धरून ठेवतं, चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी साठवतं, रक्तातली साखर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं. आणि ज्या स्नायूंसाठी मुलगा जिममध्ये घाम गाळतो, त्या स्नायूंनाच खातं. शिवाय ते मनाला येईल तेव्हा एकदम बंद करता येत नाही. बाहेरून स्टेरॉइड येतंय म्हटल्यावर शरीर आपलं स्वतःचं बनवणं थांबवतं. डॉक्टरांनी काही आठवडे डोस उतरवत नेला. गाल गेले, वजन ५२ वर आलं. उरली ती नामुष्की.

"तुम्ही सगळ्यांनी मला काडीपैलवान म्हटल्यावर मी काय करायचं होतं, मामा?" त्याने विचारलं. मान वर न करता. त्या दिवशी मी त्याला एक वही आणून दिली, आणि आईच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही दोघं बसलो.

प्रश्नाचं उत्तर

उत्तर आहे. १९९० साली कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांवर एक प्रयोग केला. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. सगळ्यांचं जादा अन्न सारखंच. पण कुणाचं वजन चार-सव्वाचार किलो वाढलं, तर कुणाचं तेरा. जुळ्या भावंडांची वाढ मात्र एकमेकांशी बरीच मिळतीजुळती. खाल्लेलं अंगी लागणं-न लागणं बऱ्याच अंशी जन्मासोबत येतं, असा त्याचा अर्थ.

मग बाकीचं जातं कुठे? अमेरिकेत जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते दाखवून दिलं. १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा दिल्या. काहींच्या अंगावर चार किलोंहून जास्त चरबी चढली, काहींच्या जेमतेम पाव-अर्धा किलो. ज्यांच्या अंगावर चढली नाही, त्यांची शरीरं नकळत जास्त हलत होती. पाय हलवणं, उठबस करणं, येरझाऱ्या, चुळबुळ. माणूस जास्त खातो आणि शरीर गुपचूप ते उधळून टाकतं. मला एकदम आईची दुसरी तक्रार आठवली, "जेवताना तरी पाय हलवू नकोस रे!"

म्हणजे बारीक पोरगा खोटं बोलत नसतो आणि त्याची आईही कमी पडलेली नसते. त्याला इतरांपेक्षा जास्त खावं लागतं, इतकंच.

ताटातला हिशेब

पण 'मी भरपूर खातो' हेही तपासून बघावं लागतं. वहीत भाच्याने आठवडाभर जे पोटात गेलं ते सगळं लिहिलं. सकाळी चहा, दुपारी डब्यातल्या तीन पोळ्या-भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा तीन पोळ्या, वरणभात. रविवारी मित्रांबरोबर बिर्याणीवर आडवा हात मारायचा आणि सोमवारी सकाळचं जेवण बुडवायचं. लक्षात राहायची ती बिर्याणी, बुडालेलं जेवण नाही.

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे साधारण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम पुरतात. वजनं उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंतचा उपयोग होतो. म्हणजे पन्नास किलोंच्या मुलाला ८० ग्रॅम. वहीतली बेरीज चाळिशीच्या आसपास. पातळ वरणाची वाटी आपल्याला पौष्टिक वाटते, पण तीत प्रथिनं चार-पाच ग्रॅमच, बाकी पाणी.

मग भर घालत गेलो. एकदम नाही, दर आठवड्याला एक पदार्थ. दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम. दोन मोठे ग्लास दूध, १६ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, सात ग्रॅम. एक वाटी दही, पाच ग्रॅम. ऐंशीचा आकडा गाठला! दिवसाला सातशे-आठशे कॅलरी वाढल्या त्या वेगळ्याच. अंडी न खाणाऱ्यांसाठी पनीर, सोयाबीन, घट्ट डाळ, उसळी आहेतच. दोन युक्त्या फार कामी आल्या. जेवणाआधीचा चहा बंद केला, कारण तो भूक मारतो. आणि दूध जेवणाबरोबर न घेता दोन जेवणांच्या मध्ये घेतलं. चावायचं अन्न पोट लवकर भरवतं, प्यायचं तितकं भरवत नाही.

आणि ते पावडरीचे डबे? दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर म्हणजे अन्नच, औषध नव्हे. ज्याला परवडते आणि पचते, त्याने खात्रीच्या ठिकाणाहून जरूर घ्यावी. पण 'वजन वाढवणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींत पिष्ट आणि साखर यांचाच भरणा जास्त असतो. डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचावा. ते पैसे दूधवाल्याला आणि अंडीवाल्याला दिले तर बिघडत काही नाही.

तालमीत राहिलेल्या बैठका

नुसतं खाऊन मात्र भागत नाही, आणि आपल्याला तर मुळीच नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी. अशी आपल्याकडची कित्येक शरीरं असतात, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातून दाखवलं. बारीक मुलाला नुसतं तूप-साखर चारलं तर दंड भरत नाहीत, पोट सुटतं. आणि मागून मधुमेह येतो. माझं स्वतःचं पोट असंच सुटलं.

हे शास्त्र आपल्या तालमींना अनुभवाने ठाऊक होतं. कोल्हापूरचा पैलवान बदामाची थंडाई आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध पितो, ते शेकड्यांनी जोर-बैठका मारून. वस्ताद त्याचा आकडा हळूहळू चढवत नेतो, तसतसा खुराकही चढतो. आपण तालमीतून खुराक तेवढा घरी आणला आणि बैठका तिथेच ठेवून आलो.

हळूहळू चढवत नेणं, हेच मर्म. मायलो नावाच्या ग्रीक पैलवानाची दंतकथा आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेई. वासरू वाढत गेलं आणि मायलोही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय याच तत्त्वावर पुन्हा उभे केले. भाच्यानेही वीस किलोंच्या रिकाम्या दांड्यापासून सुरुवात केली. आठवड्यातून तीनच दिवस. खांद्यावर वजन घेऊन बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, आडवं पडून छातीवरून वर ढकलणं, सिंगलबारला लटकून अंग वर खेचणं. नेमून दिलेली आवर्तनं नीट जमली की पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती. मधले दिवस विश्रांतीचे आणि रात्री भरपूर झोप, कारण स्नायू व्यायामाच्या वेळी नाही, नंतर वाढतात.

पहिले दोन महिने आरशात काहीच दिसलं नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. खरं तर ताकद वाढत असते. मज्जासंस्था आधी शिकते, स्नायू मागून येतात. म्हणून वहीत आम्ही तीन आकडे लिहीत होतो. आठवड्याचं वजन, उचललेलं ओझं आणि कमरेचा घेर. महिन्याला अर्धा ते एक किलो वाढलं तर चाल योग्य. नुसती कंबरच वाढत असेल तर कुठेतरी चुकतंय.

आधी डॉक्टर

हा सगळा खटाटोप मुळातच बारीक असलेल्यांसाठी. पूर्वी बरं असलेलं वजन कारणाशिवाय उतरत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, सारखी तहान-लघवी, छातीत धडधड, जुलाब असं काही असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. क्षय, थायरॉइड, मधुमेह हे आजार असेच दबकत येतात.

बारीक मुलींनाही हेच लागू. वजनं उचलून त्या पुरुषी होत नाहीत; हाडं मात्र बळकट होतात. आणि ज्याला त्याला चाळीस इंची छाती मिळेल असंही नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, ते ५७ किलोंच्या गटात. अंगापिंडाने लहान असणं हा काही दोष नव्हे. आहे त्या अंगात बळ असावं, इतकंच मागणं.

चौदा महिन्यांनी भाच्याचं वजन ५९ किलो झालं. वीस किलोंचा दांडा सत्तर किलोंवर गेला. कुणी वळून बघावं असं काही झालं नाही. पण गेल्या वर्षी तो डोंबिवलीला आजीकडे राहायला आला असताना गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. मी शेजाऱ्याला हाक मारायला गॅलरीत गेलो, तोवर हा खांद्यावर घेऊन दारात हजर.

आईने त्याला खुर्चीवर बसवलं, डबा काढला आणि डिंकाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. मग पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती रे वाळलास! खातोस ते जातं तरी कुठे?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. त्याने लाडू संपवला, आणि वहीत लिहिला.