कुठे गेला माझा आवाज?

रात्रीचे साडेअकरा. मी डायनिंग टेबलवर बसून माइकमध्ये शीळ घालतेय आणि आतल्या खोलीतून आई ओरडतेय, "अगं, रात्रीची शीळ घालू नये, साप येतात!" चौथ्या मजल्यावर साप कुठून येणार, हा प्रश्न मी गिळला. त्या क्षणी मला त्याहून मोठं टेन्शन होतं. मी स्वतःच्या हाताने बनवलेला रेडिओ ऐकत होता झकास, पण बोलत होता पुटपुटल्यासारखा.

तुम्ही म्हणाल, खिशात स्मार्टफोन असताना ही काय नसती उठाठेव? मलाही आधी तसंच वाटायचं. एका फीचरसाठी मी आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या काकांना भेटले आणि फसले. काका गेली कित्येक वर्षं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. २००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम स्टेशन चालवत होत्या आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानातले निरोप बाहेर पोचत होते, ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा मी नोट्स घ्यायचं थांबवलं आणि सरळ परीक्षेचा फॉर्म भरला. (हो, परीक्षा असते. आणि सरकारी लायसन्सही लागतं. मासकॉम केलेल्या मुलीने ओहमचा नियम पाठ करणं हा एक स्वतंत्र विनोदी लेख होईल.)

लायसन्स हातात आलं तोवर काका मुलाकडे कोल्हापूरला शिफ्ट झाले होते. जाताना म्हणाले, "फोन नको करूस. स्वतः सेट बनव आणि सात मेगाहर्ट्झवर ये. रविवारी सकाळी मी असतो." मी "हो हो" म्हटलं आणि दीड वर्ष काहीच केलं नाही. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. नव्या सोसायटीला गच्चीवरची अँटेना खटकतेय, महिनाअखेर उतरवायची आहे. बस्स. तपकीर गल्लीत जाऊन मी पार्ट्सची यादीच काउंटरवर ठेवली.

सेटचं डिझाइन बीटएक्स. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ते अशा बेताने केलं, की साध्या, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून ते उभं राहावं. त्यांच्या मूळ सेटमधल्या कॉइल्स तर चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेल्या होत्या! त्यातली खरी गंमत म्हणजे ऐकताना आणि बोलताना सिग्नल एकाच क्रिस्टल फिल्टरमधून जातो, फक्त उलट्या दिशेने.

तर माझा सेट ऐकत होता. मद्रासी, मल्याळी, हिंदी, सगळे आवाज स्वच्छ. पण पीटीटी दाबून बोलले की डमी लोडवर मीटर सात व्होल्टच्या पुढे जाईना. डमी लोड म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर. २२० ओहमचे चार समांतर जोडले की साधारण ५५ ओहम होतात. त्यामुळे टेस्टिंगचा गोंगाट हवेत जात नाही आणि ट्रान्झिस्टरही वाचतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्सची दुप्पट, असं गणित केलं तर निघाला अर्ध्या वॅटलाही थोडा कमीच. पाहिजेत पाच-सहा.

माझा पहिला संशय शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरवर, आयआरएफ ५१०वर. बिचारा बदलला. तेच. मग त्याचा बायस वाढवला. पॉवर तीच, पण ट्रान्झिस्टर असा तापला की बोटावर फोड आला. तेव्हा कुठे अहंकार गिळून काकांना फोन केला.

"रिसीव्ह नीट आहे ना?" काकांनी विचारलं.

"एकदम मस्त."

"मग फिल्टर, ऑसिलेटर, मिक्सर यांना हात लावू नकोस. ते निर्दोष सुटले. बोलण्याच्या वाटेवर जे वेगळं आहे, तेवढंच बघ. आणि शेवटाकडून सुरू करू नकोस. नळाला पाणी नाही म्हणून कोणी तोटी बदलतं का?"

मी बदलली होती. गप्प बसले.

काकांनी आरएफ प्रोब बनवायला लावला. एक जर्मेनियम डायोड, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि आपला नेहमीचा मल्टिमीटर. साधा मीटर सात मेगाहर्ट्झ मोजू शकत नाही. डायोड त्याचं डीसी करून देतो. अगदी सुरुवातीचे टप्पे इतके कमकुवत असतात की तिथे प्रोबला काही दिसत नाही, म्हणून बँडपास फिल्टरनंतर मोजायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी सिग्नल सारखाच पाहिजे, म्हणून शीळ. आईच्या सापांमुळे शेवटी मोबाइलवर टोन वाजवणारं अ‍ॅप टाकलं. माइकसमोर फोन ठेवला आणि दोन्ही हात मोकळे झाले. हे आधी का सुचलं नाही, विचारू नका.

पहिला अँप्लिफायर ठीक. प्री-ड्रायव्हरच्या आउटपुटला दोन व्होल्ट. वा! तिथून ड्रायव्हरकडे जाताना मध्ये एक छोटा डिस्क कपॅसिटर. त्याच्या पलीकडे प्रोब ठेवला तर ०.२.

कपलिंग कपॅसिटरचं काम एकच, डीसी अडवायचं आणि सिग्नल जाऊ द्यायचा. दोन्ही बाजूंना आकडा जवळपास सारखा यायला हवा. मी भिंग काढलं. त्यावर लिहिलं होतं १०१. असायला हवं होतं १०४. शेवटचा अंक म्हणजे पुढची शून्यं, हे मला पाठ होतं. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडऐवजी मी फक्त १०० पिकोफॅरड लावला होता, हजारपट लहान. सात मेगाहर्ट्झला १०४चा अडथळा पाव ओहमच्या आसपास, तर १०१चा सव्वादोनशेहून जास्त. रात्री एक वाजता, डेडलाइनची स्टोरी पाठवून झाल्यावर सोल्डरिंग केलं की असं होतं.

बदलला. आता दोन्हीकडे ०.७. आधीचे दोन व्होल्ट उतरले, पण ते शुभलक्षणच होतं. पुढचा टप्पा आता खरोखर सिग्नल ओढून घेत होता. डमी लोडवर २५ व्होल्ट. साडेपाच वॅटच्या वर!

सिग्नल मोजायच्या भाषेत ही वाढ जेमतेम दोन एस-युनिटची. पण शहरातल्या एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या खरखरीत तेवढ्यावरच कोणी ऐकू येतं किंवा बुडतं.

महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळचे आठ. दहा मिनिटं हाका मारतेय, उत्तर नाही. हाताला घाम. कॉल साइन सांगताना जीभ दोनदा अडखळली. आणि मग खरखरीतून, दुरून, अगदी शांत आवाजात माझंच कॉल साइन परत आलं.

"फाइव्ह बाय सिक्स," काका म्हणाले. "आवाज स्वच्छ आहे. माइकपासून जरा लांब बस. आणि रडू नकोस, सगळे ऐकतायत."

मी रडत नव्हते. म्हणजे, फार नाही.

अँटेना मंगळवारी उतरली. शुक्रवारी माझ्याकडे कुरिअर आलं: नीट गुंडाळलेली तांब्याची तार, सुमारे वीस मीटर, आणि काकांच्या अक्षरात एक चिठ्ठी, मध्ये कुठे कापू नये म्हणून. आमची गच्ची तिरपी मोजली तर तार बसते. आता आमच्या सोसायटीच्या चेअरमनना भेटायचंय. जाताना चितळ्यांची बाकरवडी घेऊन जाणारेय.